आत काय आहे?

प्रवासात माणसाला सर्वांत अधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न ‘कुठले आपण?’ हा नव्हे. ‘आत काय आहे?’ हा. नाक्यावर, स्टेशनात, पोस्टाच्या खिडकीशी तो विचारला जातो, आणि आपली पिशवी कितीही निष्पाप असली तरी क्षणभर आपला चेहरा चोरासारखा होतो.

हा प्रश्न किती जुना आहे, हे पाहायचे असेल तर जुन्नरला जावे. आपटाळे, चावंड मागे टाकून घाटघरच्या पुढे गेले की जमीन एकाएकी संपते आणि खाली कोकण दिसू लागते. त्या कड्यातून उतरणारी दगडी वाट म्हणजे नाणेघाट. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने जुन्नरास येई. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेले लेणे आणि पाण्याचे टाकेही आहे. घाटाच्या माथ्यावर एक प्रचंड दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे सांगतात. मी आत डोकावलो, तेव्हा पावसाचे पाणी आणि त्यात माझाच चेहरा होता.

घाटातल्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला तो मानतात. यज्ञांत दिलेल्या दक्षिणांची ती यादी! गाई 1,700, हत्ती 10, कार्षापणे 24,400. कुणी न विचारता, आकड्यांनिशी दगडावर कोरलेली. मला वाटले, राजघराण्याने सांगायचे आणि बैलवाल्याने विचारल्यावर सांगायचे, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या दिवशी घोडेगावला मावशीकडे गेलो. मावशी मूळची आंबेगावची. ते गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले, म्हणजे जुन्या वस्तीच्या खुणा वर येतात आणि गेलेली माणसे पाहायला जातात. मावशीही जाते.

तिचा नातू जर्मनीत असतो. दिवाळीचे पार्सल आधीच बांधून, वर कापड शिवून ठेवलेले होते. “मास्तर, इंग्रजी पत्ता तू घाल,” एवढेच माझे काम. आम्ही दोघे पोस्टात गेलो.

खिडकीतल्या बाईंनी विचारले, “आजी, आत काय आहे?”

“गोधडी आहे. चिवडा, चकली.”

“आणखी?”

मावशी गप्प. आमच्याकडे 1898 च्या कायद्यानेच स्फोटक, घातक आणि घाणेरड्या वस्तू टपालाने पाठवायला बंदी घातली होती. त्या कायद्याची जागा 2023 च्या नव्या कायद्याने घेतली आणि तो 2024 मध्ये लागू झाला. पण खिडकीतला प्रश्न बदलला नाही. परदेशी पार्सलाला तर सीमाशुल्काच्या कागदावर प्रत्येक वस्तू, तिचे वजन आणि किंमत लिहावी लागते.

“थोडी माती आहे,” मावशी शेवटी म्हणाली. “आंबेगावची. पाणी उतरलं होतं तेव्हा आणलेली. पोरानं तिकडं कुंडीत तुळस लावलीय, तिला घालायला.”

बाईंनी मान हलवली. रागाने नव्हे. “आजी, माती नाही चालत. तिकडे घेतच नाहीत.”

त्यांचे खरे होते. परक्या मातीतून किडे, बुरशी, झाडांचे रोग जातात. म्हणून युरोपातले देश ती आत येऊ देत नाहीत. नियम शहाणपणाचा आहे, हे मी मावशीला समजावून सांगितले. माझी वर्गात बोलायची सवय. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “आमचं गाव बुडवताना कुणी इतकी चौकशी केली नव्हती रे.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तिने तिथेच बाकावर बसून शिवण उसवली. मुठीएवढी पुरचुंडी काढून कमरेला खोचली. बाईंनी आपल्या खणातून सुई-दोरा काढून दिला. गोधडीची किंमत विचारली, तेव्हा मावशी म्हणाली, “माझी नि आईची लुगडी आहेत तिच्यात. काय लावू?” मी तीनशे रुपये लिहिले. इतका खोटा आकडा मी आयुष्यात लिहिला नसेल.

शेवटी पाठवणाऱ्याचा पत्ता राहिला. मावशी सांगत गेली, मी लिहीत गेलो: मुक्काम घोडेगाव, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे.

ती थांबली. “ते तालुक्याचं नाव पुन्हा वाच बरं.”

मी वाचले. गाव पाण्याखाली गेले, तरी तालुक्याने त्याचे नाव सोडलेले नाही. बाईंनी शिक्का मारला आणि पार्सल आत ठेवले. त्या नावाबद्दल कोणी काही विचारले नाही.

घरी येताच मावशीने पुरचुंडी सोडून आपल्याच तुळशीत रिकामी केली.