वाईची उन्हाळी सुटी : आई, दोन मुलगे आणि आजी-आजोबा

उन्हाळ्याची सुटी मुलांची असते असे आपण म्हणतो. पण ती खऱ्या अर्थाने चालवते ती घरातील आई. वार्षिक परीक्षा संपली की दीड-दोन महिने मुलांना कोठे न्यायचे, काय खायला द्यायचे आणि दुपारी कसे गुंतवून ठेवायचे हा हिशेब तीच मांडते. त्याच घरात सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे असतील, तर तिची जबाबदारी दुहेरी होते. या लेखात मी आपणांस सातारा जिल्ह्यातील वाई या गावी नेणार आहे. कृष्णाकाठचे हे गाव पाहता पाहता, लहान मुले आणि वृद्ध यांना बरोबर घेऊन उन्हाळ्याचे दिवस सुखरूप कसे घालवावेत, याचाही विचार आपण करू.

माझ्याकडे औषधोपचारासाठी येणारे एक कुटुंब दरवर्षी मे महिन्यात पुण्याहून वाईच्या आपल्या जुन्या घरी राहावयास जाते. आई, तिचे सात आणि दहा वर्षांचे दोन मुलगे, चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा आणि गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या आजी. आजोबांना रक्तदाब व मधुमेह दोन्ही आहेत. बाहेर जायचे म्हटले की ते म्हणत, ‘‘सूनबाई, तुम्ही जाऊन या. मी घर राखतो.’’ त्यावर तिचे उत्तर ठरलेले असे, ‘‘अण्णा, घर राखायला कुलूप आहे. तुम्ही चला.’’ या उत्तरात केवळ आपुलकी नाही, तर वैद्यकीय शहाणपणही आहे. उष्णतेचा त्रास उन्हात फिरणाऱ्यांनाच होतो ही समजूत अपुरी आहे. पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरील तापलेल्या खोलीत, खिडक्या लावून एकट्या बसलेल्या वृद्धाला उष्माघात होऊ शकतो, आणि तो वेळेवर कोणाच्या लक्षातही येत नाही.

सकाळ : घाटावरची

वाईचा दिवस पहाटे सुरू करावा. सहाच्या सुमारास कृष्णेच्या घाटावर गारवा असतो. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड अशा आळ्यांच्या नावांनी येथील सात घाट ओळखले जातात. गणपती आळीच्या घाटावरील ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. एकाच पाषाणातून घडविलेली ती भव्य मूर्ती पाहून मुले प्रथम थबकतात आणि मग प्रश्नांचा भडिमार करतात. त्यांना मंदिराच्या मागील बाजूस अवश्य न्यावे. तेथील भिंत माशाच्या आकाराची निमुळती बांधलेली आहे. पुराचा लोंढा आला की तो या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा, ही त्यामागील योजना. दहा वर्षांच्या मुलाला हे एकदा समजावून सांगितले की तो घरी येऊन बादलीतल्या पाण्यात हात धरून तोच प्रयोग करून पाहतो.

घाटावर आजी-आजोबांसाठी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, दगडी पायऱ्या. नदीजवळच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात. म्हणून वृद्धांनी वरच्या कोरड्या पायरीवरच बसावे आणि चढता-उतरताना एका हाताला आधार असावा. दुसरी, अनवाणी चालणे. मधुमेह जुना असेल तर तळपायांची संवेदना बोथट होते. दहा-अकरा वाजता देवळाबाहेरचा दगड इतका तापतो की तळव्यांना फोड येतात आणि रुग्णाला ते संध्याकाळी मोजा ओला झाल्यावर कळते. अशी भाजलेली पावले मी दर उन्हाळ्यात पाहतो. त्यांतील काही जखमा भरून यायला महिने लागतात. दर्शन सकाळीच उरकावे, पायांत जाड सुती मोजे घालावेत आणि घरी परतल्यावर सुनेने किंवा मुलाने त्यांचे तळवे उजेडात पाहावेत. तिसरी गोष्ट औषधांची. पहाटे निघायचे म्हणून इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी घेऊन न्याहारी मात्र दोन तासांनी, असे घडू नये. साखर एकाएकी उतरते. न्याहारीचा डबा बरोबरच असावा.

मुलांच्या बाबतीत नदी हा मोठा आनंद आणि मोठा धोकाही. वाईच्या वरच्या अंगाला धोम धरण आहे. धरणातून पाणी सोडले की पात्रातील पातळी वाढते. मुलांना पोहता येत असले तरी त्यांच्या हाताच्या अंतरावर एक मोठा माणूस पाण्यात असलाच पाहिजे. काठावर बसून मोबाइल पाहत ठेवलेले लक्ष हे लक्ष नव्हे. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. ते शांतपणे खाली जाते. बाहेर काढलेल्या मुलाला उलटे टांगू नये, पोट दाबू नये. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब द्यावेत आणि त्याच वेळी कोणीतरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दुपार : घरातली

साडेदहा-अकराच्या आत घरी परतावे. त्यानंतर दुपारी चारपर्यंत बाहेर पडू नये, हा या घराचा अलिखित नियम आहे आणि आपणही तो पाळावा. ही दुपार मुलांना कंटाळवाणी वाटू नये यासाठी त्या मातेने घरातल्याच कामांचे खेळ केले आहेत. सकाळच्या कोवळ्या उन्हात गच्चीवर कुरडया आणि सांडगे घालून ठेवायचे, सावलीत बसून कावळ्यांची राखण करायची, ऊन चढले की खाली यायचे. मग कैऱ्या उकडून त्यांचा गर काढायचा, वेलची कुटायची, पन्हे करायचे. आजी पाटावर बसून प्रमाण सांगतात आणि मुले ते मोजतात. दुखऱ्या गुडघ्यांच्या आजीलाही त्या वेळी घरात अधिकाराचे स्थान मिळते. आणि वृद्धापकाळी हे स्थान औषधाइतकेच गुणकारी असते.

पाण्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाण्याची गरज असते, पण ‘तहान लागली’ हा निरोप मेंदूकडून उशिरा येतो. घामही कमी येतो. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असेल तर शरीरातील पाणी आणि क्षार आणखी घटतात. मुलांचे वेगळे, वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असल्याने ती बाहेरची उष्णता लवकर ओढून घेतात आणि खेळाच्या नादात पाणी विसरतात. म्हणून या घरात तहान लागण्याची वाट पाहिली जात नाही. तासातासाला धाकटा मुलगा माठातील पाण्याचे पेले सर्वांना देतो. ते काम त्याचे आहे आणि तो ते मोठ्या ऐटीत करतो.

पेय कोणते, हे मात्र व्यक्ती पाहून ठरवावे. गुळाचे किंवा साखरेचे पन्हे मुलांना उत्तम. मधुमेही आजोबांना पातळ ताक द्यावे, आणि रक्तदाब असल्याने त्यात मीठ बेताचे घालावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना दिवसभरात किती पाणी चालेल, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. रक्तदाबाच्या गोळ्यांचे प्रमाण उन्हाळ्यात बदलावे लागू शकते. म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वी एकदा तपासून घ्यावे, स्वतः होऊन गोळी बंद करू नये. जुलाब झाल्यास क्षारसंजीवनीचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात कालवावे. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. इन्सुलिनची कुपी उभ्या गाडीत कधीही ठेवू नये. शीतकपाट नसेल तेथे ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात, कोरड्या डबीत घालून ठेवावी.

पाण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कोणी उघडपणे बोलत नाही. प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने स्त्रिया सकाळपासून पाणी पीत नाहीत. प्रोस्टेटचा त्रास असलेले आजोबाही तेच करतात. परिणामी सुटीहून परतल्यावर मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांत मुलांपेक्षा त्यांच्या आया अधिक असतात. सहलीचा मार्ग ठरविताना प्रेक्षणीय स्थळांबरोबर स्वच्छतागृहे कोठे आहेत, हेही आधी ठरवावे. यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही.

संध्याकाळ : मेणवली आणि पाचगणी

साडेचारनंतर मेणवलीला जावे. वाईपासून हे गाव सुमारे तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागचा कृष्णेचा घाट आणि मेणेश्वराचे देऊळ अशी येथील रचना आहे. घाटाजवळ टांगलेली भली मोठी घंटा मुलांच्या विशेष आवडीची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर पोर्तुगीज चर्चच्या ज्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यांपैकी ही एक मानली जाते. ‘स्वदेस’ या २००४ मधील चित्रपटामुळे हा घाट अनेकांनी पडद्यावर पाहिलेला असतो. वाड्याच्या जाड भिंती आणि मधले मोकळे चौक पाहताना मुलांना विचारावे, ‘‘पंखा नसताना येथे गार कसे वाटते?’’ जाड भिंत उष्णता आत यायला वेळ लावते आणि चौकातून तापलेली हवा वर निघून जाते. हे उत्तर आजोबांनी द्यावे; अशा घरात ते वाढलेले असतात. वाड्यातून घाटाकडे उतरताना पायऱ्या आहेत. आजींना गुडघ्यांमुळे उतरणे शक्य नसेल तर त्यांनी वरच झाडाच्या सावलीत बसावे, मात्र त्यांच्यासोबत आळीपाळीने एकाने थांबावे.

एखादा दिवस पाचगणीसाठी राखावा. पसरणीचा घाट चढून गेले की आपण वाईपेक्षा सुमारे ६०० मीटर उंच येतो आणि हवेत तीन-चार अंशांचा फरक जाणवतो. येथे फसगत होते ती गारव्यामुळेच. टेबललँडचे जांभ्या दगडाचे पठार उघडे आहे, सावली जवळजवळ नाही. वारा थंड असल्याने ऊन लागत आहे हे समजत नाही. टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पाण्याची बाटली येथेही हवीच. घाटात ज्या मुलाला उलट्या होतात त्याला निघण्यापूर्वी हलके खाऊ घालावे, खिडकीजवळ बसवून दूरवर पाहण्यास सांगावे आणि हातात पुस्तक वा मोबाइल देऊ नये. आजोबांना वळणावळणांनी चक्कर येत असेल, तर वर पोहोचल्यावर लगेच उभे राहू नये; दोन मिनिटे बसून मग उतरावे.

ज्या दिवशी कोणीच दमलेले पाय उचलू इच्छित नाही, त्या संध्याकाळीही वाईत करण्यासारखे पुष्कळ असते. हे विद्येचे गाव आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी येथे राहिले आणि त्यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम येथूनच चालले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. आजोबांनी नातवांना त्या इमारतीपर्यंत चालत न्यावे आणि हजारो नोंदींचा ग्रंथ कसा तयार होतो, हे सांगावे. चालणे होते, बोलणेही होते.

धोक्याच्या खुणा

डोके दुखणे, मळमळ, चक्कर, पायांत गोळे येणे, फार थकवा वाटणे ही उष्णतेच्या त्रासाची पहिली पायरी. सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, अंग ओल्या फडक्याने पुसावे, घोटघोट पाणी द्यावे. मात्र माणूस असंबद्ध बोलू लागला, गोंधळला, भान हरपले आणि अंग तापाने फणफणले (१०४ अंश फॅरनहाइट वा अधिक), तर तो उष्माघात समजावा. मग घाम येत असो वा नसो. ‘वयामुळे बडबडतात’ असे म्हणून वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर कळवावे आणि गाडी येईपर्यंत अंगावर सतत पाणी ओतून वारा घालावा. काखेत व जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा येथे उपयोग होत नाही.

शेवटी, सर्वांना सांभाळणाऱ्या त्या आईविषयी. मुलांच्या मागे धावून आणि वृद्धांचा हात धरून तिचे स्वतःचे जेवण दोन वाजता होते, विश्रांती होतच नाही. वाचकांतील आजोबांना माझी विनंती आहे की, दुपारचे दोन तास नातवंडांची जबाबदारी आपण घ्यावी. पत्ते खेळावेत, गोष्ट सांगावी. आजींनी सुनेला ‘आता तू जरा पड’ असे म्हणावे, आणि मुलाने संध्याकाळच्या फेरीत आई-वडिलांचा हात आपल्या हाती घ्यावा. आणि सूनबाई ‘चला’ म्हणाली, वेळ सकाळची किंवा सांजेची असली, तर ‘मी घर राखतो’ असे म्हणू नये. टोपी घालावी, काठी घ्यावी, गोळ्यांची डबी खिशात ठेवावी आणि आपल्या चालीने निघावे. मुले पुढच्या वळणावर थांबतात.