आधी एस, मग आर

1 जानेवारी 2024ला निकलाउस विर्थ गेले. पास्कल ही संगणकभाषा त्यांनी 1970 साली जगापुढे ठेवली होती. झुरिकच्या एका प्राध्यापकाच्या जाण्यानं मी तुमसरला मामाच्या माळ्यावर कशाला चढतोय, हे मामीला काही केल्या समजावता आलं नाही.

मामा धानाच्या गिरणीत हिशेब लिहायचा. 1987 साली गिरणीत पीसी आला. हार्ड डिस्क नव्हती, 360 केबीच्या फ्लॉपीचे दोन ड्राइव्ह तेवढे होते. शेतकरी खंडी-कुडवांत बोलणार, ते क्विंटलमध्ये मांडायचं, ओलाव्याची घट धरायची, चुकारा काढायचा. एवढं काम करणारा प्रोग्राम मामाला स्वतः लिहायचा होता. पण कोणत्या भाषेत? यावर आमच्या ओसरीत महिनाभर बोलणं चाललं. बेसिक यंत्राबरोबरच आलं होतं, पण ते प्रोग्राम चालवताना ओळ न् ओळ उलगडत बसे. नागपूरच्या क्लासात कोबोल शिकवत. सी शिकलेली पोरं सीचं गुणगान करत. पण या दोन्हींच्या तेव्हाच्या कम्पायलरांचं, म्हणजे लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामांचं, काम टप्प्याटप्प्यानं चाले. मधल्या फाइली फ्लॉपीवर उतरत, मग ते तुकडे जोडणारा लिंकर, त्यासाठी पुन्हा फ्लॉपी बदला.

"तेवढ्यात लाइन जाते बाप्पा," मामा म्हणायचा.

म्हणून त्यानं टर्बो पास्कल निवडला. डेन्मार्कच्या आंडर्स हेल्सबर्गनं लिहिलेला, बोरलँडनं 1983 साली 49.95 डॉलरला विकायला काढलेला. लिहायची जागा आणि कम्पायलर एकाच फाइलीत, तीही 40 केबीच्या आत. सगळं काम मेमरीत, काही सेकंदांत पुरं. एवढ्या थोडक्या जागेत इतकं नेटकं काम मी नंतर फार कमी पाहिलं.

सुरू होताच तो विचारी, चुकांचे खुलासे मेमरीत घेऊ का? 'नाही' म्हटलं तर थोडी मेमरी वाचे, पण चूक कोणती याचा नुसता आकडा दिसे. मामा दर वेळी 'हो' म्हणायचा. पहिली चूक सापडली की कम्पायलर थांबे. एस्केप दाबलं की कर्सर थेट त्या जागी. ती दुरुस्त केल्याशिवाय पुढची दाखवत नसे. मामा मला गणितही असंच शिकवायचा.

मी मात्र उतावळा. लिहिलं की थेट आर दाबून चालवायचो. यंत्र अडकलं किंवा लाइन गेली की सगळं पुसलं जायचं. "आधी एस, मग आर," मामा खांद्यामागून सांगायचा. आधी जपून ठेव, मग चालव.

तो जाऊन नऊ वर्षं झाली. त्याचं बोलणं कधी टेप करावं, हे मला सुचलंच नाही.

माळ्यावर त्याच्या प्रोग्रामची फ्लॉपी सापडली. लेबलावर निळ्या शाईत 'धान', चकतीवर बुरशी. नागपुरात एकाकडे जुना ड्राइव्ह होता. तो बराच वेळ घरघरत राहिला, वाचलं काहीच नाही.

परत आलो तेव्हा मामी सुपात चिन्नोर तांदूळ निवडत होती.

"यात त्यांचा आवाज असंल का रे?"

नाही म्हणालो. मग आठवलं. पास्कलमध्ये महिरपी कंसात लिहिलेलं कम्पायलर सोडून देतो. मामा त्या कंसांत रोमन अक्षरांनी मराठी लिहायचा. पाठ असलेली एक ओळ मामीला म्हणून दाखवली: धान ओलं असेल तर घट धरा, पण शेतकऱ्याला आधी सांगा.

मामीनं सूप खाली ठेवलं. "अजून एकदा म्हण," म्हणाली.