पोच

2019 च्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या खात्यातून निवृत्त झालेल्या जुन्या कर्मचाऱ्यांच्या आठवणी चित्रित करून ठेवाव्यात, असा एक छोटासा उपक्रम मी हाती घेतला होता. त्यात एक मराठी गृहस्थ होते. 1957 साली लघुलेखक म्हणून दिल्लीत आले, करोलबागेत एका खोलीत चौघे राहिले, आणि पुढे इथलेच झाले. वय 83. नोएडाला मुलीकडे राहत. मी त्यांना काका म्हणत असे आणि ते मला, मी कितीदा नको म्हटले तरी, साहेब म्हणत.

तळघरातल्या आमच्या छोट्या स्टुडिओत ते दीड तास बोलले. सुरुवातीला त्यांनी प्यून बुकाची हकिकत सांगितली. सायकलवरून शिपाई पाकीट घेऊन जाई, पलीकडचा बाबू पाकीट उघडून जोडपत्रे मोजी आणि मगच सही करी. न मोजता सही करणाऱ्या एका बाबूची बदली कशी झाली, हेही त्यांनी रंगवून सांगितले. मग ते 1966 वर आले. 6 जून 1966 पासून रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरचा दर 4.76 रुपयांवरून 7.50 रुपयांवर गेला. एम. ए. करताना हा विषय मी निर्यात-आयातीच्या तक्त्यांमधून शिकलो होतो. काका त्या दिवसांत अर्थव्यवहाराशी संबंधित एका कक्षात होते आणि उशिरापर्यंत थांबून टंकलेखन करीत होते. त्या संध्याकाळी खोलीत काय चालले होते, हे ते सांगू लागले तेव्हा मी स्वतः कॅमेऱ्यामागे उभा होतो. दुपारी तीनला बैठक होती म्हणून मी मध्येच निघालो. रेकॉर्डिंग आहेच, नंतर निवांत पाहू, असे मनाशी म्हटले.

आता थोडे तांत्रिक. व्यावसायिक कॅमेरा सेकंदाला सुमारे 50 मेगाबिट या गतीने चित्र नोंदवीत असेल, तर आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने सेकंदाला सव्वासहा मेगाबाइट आणि तासाला साडेबावीस गिगाबाइट होतात. दीड तासाचे झाले जवळजवळ 34. कार्डावरची फॅट-32 ही जुनी मांडणी 4 गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल ठेवू शकत नाही. म्हणून कॅमेरा दर अकरा मिनिटांच्या आसपास नवी फाइल सुरू करतो. काकांच्या मुलाखतीचे असे आठ तुकडे झाले. कॅमेऱ्यातूनच केबल लावून ते तिसऱ्या मजल्यावरच्या सर्व्हरवर पाठवायचे होते. इमारतीतले जाळे 100 मेगाबिटचे, म्हणजे रस्ता पूर्ण मोकळा असता तरी पाऊण तास. पण त्याच तारेवर साऱ्या कार्यालयाचे काम चाललेले, त्यामुळे प्रत्यक्षात अडीच तास लागत. कॅमेऱ्यासाठी लाखांची मंजुरी मीच मिळवली होती. जाळ्याची सुधारणा वेगळ्या लेखाशीर्षाखाली येत असल्याने ती पुढच्या वर्षावर ढकलली, तीही मीच. पूरक वस्तूंचा धडा मी विद्यार्थ्यांनाही शिकवलेला आहे. मोटार घेऊन पेट्रोल न घेणाऱ्याचे उदाहरण देत असे.

पाठवण्याची पद्धत एफटीपी. ही पद्धत प्रथम शब्दबद्ध करणारा माणूस आपल्या आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचा, अभय भूषण. 1971 च्या एप्रिलमध्ये, एमआयटीत असताना, त्यांनी तिचा पहिला मसुदा लिहिला. आजही व्यावसायिक कॅमेऱ्यांत ती सोय दिलेली असते. तिच्या नेहमीच्या प्रकारात एक खुबी आहे, जी मला फार उशिरा समजली. फाइल संपली हे कळवण्यासाठी पाठवणारा माहितीची जोडणी बंद करतो. मध्येच तार तुटली तरीही जोडणी बंदच होते. काम पुरे झाले की अर्धवट राहिले, हा निरोप दुसऱ्या, नियंत्रणाच्या वाहिनीवरून येतो आणि तो कोणीतरी वाचावा लागतो. न वाचल्यास सर्व्हरवर अर्धी फाइल पूर्ण नावानिशी बसून राहते.

त्या संध्याकाळी तसेच झाले. आमच्या तरुण तंत्रज्ञाने सर्व्हरवर पाहिले, आठ नावे दिसली, वहीत आठ लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी विज्ञान भवनात समारंभ होता आणि कॅमेऱ्याला रिकामी कार्डे हवी होती. रात्री आठला त्याने कार्ड फॉरमॅट केले आणि दुसऱ्या दिवशी त्यावर नवे चित्रण झाले. पाचव्या फाइलीचा आकार इतरांच्या निम्म्याहून थोडा अधिक होता, हे आम्हाला तीन आठवड्यांनी कळले. ती उघडेचना. अशा फाइलीत कोणते दृश्य कोठे आहे याची अनुक्रमणिका शेवटी लिहिलेली असते, आणि शेवट आलाच नव्हता. एका जाणकाराने खटपट करून सहा मिनिटे वाचवली. त्यात काका सांगतात की त्या दिवशी चहा तीनदा आला, दार आतून लावून घेतले होते, आणि साहेबांनी पहिला कागद पुढे केला. तिथे चित्र थांबते. सहावी फाइल सुरू होते तेव्हा ते सायकलने करोलबागेला परतलेले असतात.

तंत्रज्ञाला ज्ञापन द्यावे असे माझ्यासमोर टिपण आले. मी खरेदीची जुनी फाइल मागवली. प्रस्ताव चार कार्डांचा होता. समासात माझ्या अक्षरात लिहिलेले होते, ‘तूर्त दोन पुरेशी आहेत.’ ज्ञापन दिले नाही.

साठवणाचे साधन अपुरे पडले म्हणून आठवण पुसली गेल्याची मोठी उदाहरणे जगात आहेत. माणूस चंद्रावर प्रथम उतरला त्या 1969 च्या मूळ चुंबकीय फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असे नासाने 2009 मध्ये मान्य केले. मला त्याने दिलासा मिळाला नाही. तिथे निदान प्रक्षेपणाच्या प्रती उरल्या होत्या.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत झडतीचे व जप्तीचे चित्रण आवश्यक झाले आहे, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य लिहावे लागते. फाइलीतल्या प्रत्येक बिटावरून गणिताने काढलेली ही खूणगाठ. एक बिट बदलला तरी ती बदलते. त्या तरतुदी वाचताना पोलीस ठाण्यांतली जाळी, कार्डे आणि ती विकत घेण्याच्या फाइलींवर समासात लिहिणारे माझ्यासारखे अधिकारी डोळ्यांसमोर आले. आमच्या बाबतीत तर हॅशचीही गरज नव्हती. दोन्हीकडचे आकार ताडून पाहिले असते तरी भागले असते. जोडपत्रे मोजणेच ते.

काकांना पुन्हा बोलवायचे ठरले होते. मी फोन करून झालेला प्रकार सांगितला तेव्हा ते हसले. म्हणाले, "साहेब, आमच्या वेळी पोच घेतल्याशिवाय शिपाई सायकलला हात लावत नसे." मार्चमध्ये ऊन पडले की येतो म्हणाले. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली. 2021 च्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला.

स्टुडिओच्या वहीत आता दोन रकाने वाढवले आहेत: कार्डावरचा आकार, सर्व्हरवरचा आकार, आणि पुढे दोघांच्या सह्या. कार्डे सहा झाली आहेत. जाळे बदलण्याची फाइल आणखी दोन वर्षे फिरली आणि मग मंजूर झाली.