सरकारी पैशाचे चार्जिंग स्टेशन कोणाच्या दारात?



सरकारी तेल कंपन्या पेट्रोल पंपाची डीलरशिप देतात तेव्हा अनुसूचित जाती-जमातींसाठी २२.५ टक्के जागा राखीव असतात. त्यातले किती पंप खरोखर आपल्या माणसाच्या हातात आहेत आणि किती ठिकाणी कागदावर आपले नाव व गल्ल्यावर दुसराच बसलेला आहे, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण हक्क कागदावर आहे, म्हणून त्यासाठी भांडता तरी येते. आता पंपाचे काम हळूहळू चार्जिंग स्टेशनकडे चालले आहे. तिथे आपण भांडायचे कशाच्या आधारावर?

२०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केले की, गाडी चार्ज करून देणे म्हणजे वीज विकणे नव्हे, ती एक सेवा आहे. म्हणून चार्जिंग स्टेशनला परवाना लागत नाही. कोणीही उघडावे. परवाना नाही म्हणून वाटप नाही, वाटप नाही म्हणून आरक्षणाचा प्रश्नच नाही. ऐकायला किती समतेचे वाटते! पण अंधेरी, बोरिवली, मुलुंडमध्ये रस्त्यालगत गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, मोठ्या लोडचे वीज कनेक्शन आणि यंत्राचे लाखो रुपये ज्याच्याकडे आहेत, तोच हा ‘कोणीही’. स्पर्धा सगळ्यांना खुली असल्याचे हे सोंग आपण मेरिटच्या नावाखाली पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत.

बरे, हा सगळा धंदा खासगी पैशावर उभा राहिला असता तर एक वेळ गप्प बसलो असतो. तसे नाही. फेम-२ योजनेतून केंद्राने २०२३ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ चार्जिंग स्टेशनसाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले. २०२४ मध्ये आलेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेच्या १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी फक्त चार्जिंगसाठी आहेत. राज्याच्या २०२१ च्या धोरणात एकट्या मुंबई महानगर प्रदेशात १,५०० स्टेशनचे लक्ष्य होते. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सार्वजनिक जमीन सरकारी संस्थेला युनिटमागे एक रुपया महसूल-वाट्यावर देता येत होती, आणि खासगी कंपनीसाठी लिलावाची बोली त्याच एक रुपयापासून सुरू होत होती. म्हणजे पैसा जनतेचा आणि जमीनही जनतेची. माझी आई साबण विकत घेते तेव्हा तीही या तिजोरीत भर घालते. मग तिच्या वस्तीला काय मिळाले, हे विचारायला नको?

मी घाटकोपर पूर्वेला राहतो. आमच्या गल्लीतली तीन-चार पोरे इलेक्ट्रिक स्कूटरवर डिलिव्हरीचे काम करतात. रात्री बारा-एकला घरी आली की बॅटरी काढतात, लोखंडी शिडीवरून पोटमाळ्यावर चढवतात आणि पंख्याच्या बोर्डावर लावतात. वायरिंग जुने, मीटर घरगुती, खाली लेकरे झोपलेली. एकाची आई बॅटरी भरेपर्यंत जागी असते. माझा मामेभाऊ स्टेशनला रिक्षा चालवतो. त्याला इलेक्ट्रिक रिक्षा घ्यायची आहे, कर्जही मिळेल. पण रिक्षा पोटमाळ्यावर चढत नाही! रात्री ती उभी राहते रस्त्यावर, आणि तिथे प्लग नाही.

मुंबईत रिक्षा फक्त उपनगरात चालते. त्यामुळे हा प्रश्न मुख्यतः आपल्या उपनगरांचा आहे, आणि तो सोयीपुरता नाही, मालकीचा आहे. आज सीएनजी रिक्षावाला कर्ज काढून का होईना, आपल्या गाडीचा मालक होऊ शकतो. उद्या गाड्या विजेवर गेल्या आणि चार्जिंगचे आवार फक्त मोठ्या कंपन्यांकडे राहिले, तर हाच माणूस कंपनीची गाडी रोजच्या भाड्याने घेणारा मजूर होईल. ज्याच्याकडे प्लग, त्याच्याकडे गाडी.

सरकारला हे माहीत नाही असे समजू नका. पीएम ई-ड्राइव्हमध्ये ठरवलेल्या सुमारे ७२,३०० चार्जरपैकी ४८,४०० दुचाकी-तिचाकींसाठीच आहेत. चार्जर सर्वांना खुला ठेवला तर सरकारी कार्यालये, रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि सरकारी वसाहतींच्या आवारात १०० टक्के अनुदानाची तरतूद आहे. रेल्वे स्थानके, बस स्थानके, पालिकेची वाहनतळे इथे ट्रान्सफॉर्मर-केबलसारख्या कामांचा ८० टक्के आणि यंत्राचा ७० टक्के खर्च मिळू शकतो. आता आपल्या डोळ्यांनी उपनगर पाहा. घाटकोपरचे राजावाडी, कांदिवलीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय, प्रत्येक वस्तीजवळची पालिका शाळा, सफाई कामगारांच्या वसाहती. जागा आहेत. मागणी करणारे आपण आहोत का?

काही कार्यकर्ते म्हणतील, वस्तीत पाणी नाही, संडास धड नाही, आणि तुम्ही चार्जिंगच्या गोष्टी करता! राग रास्त आहे. म्हणूनच स्पष्ट सांगतो, अनुसूचित जाती उपयोजनेचा एक रुपयाही यात वळवू देऊ नका. हा पैसा सर्वसाधारण वाहतूक आणि ऊर्जेच्या निधीतून आला पाहिजे, आणि त्यात आपला वाटा पाहिजे. पाण्यासाठी भांडणाऱ्याने रोजगाराचा हक्क सोडून द्यावा असा नियम नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, तेव्हा वीज हाही त्यांच्या कामाचा भाग होता. वीज स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय गरिबीतून सुटका नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मांडणी केली. आपण जयंतीला विजेची रोषणाई करतो. त्यांचा विजेचा विचार मात्र फारसा वाचत नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. एक, सरकारी अनुदान आधी रिक्षा स्टँड, वस्तीचे तोंड आणि कामगार वसाहतींना द्या. मॉल आणि टॉवर स्वतःचे बघून घेतील. दोन, सार्वजनिक जमिनीवरची स्टेशने चालवायला देताना पेट्रोल पंपांप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींचा वाटा राखून ठेवा. लहान उद्योगांकडून खरेदीच्या २०१२ च्या केंद्रीय धोरणात ४ टक्के खरेदी आपल्या उद्योजकांकडून करण्याची अट आहे, तेव्हा इथेही अट घालता येते. तीन, रमाबाई आंबेडकर नगरसारख्या पुनर्विकासात आत्ताच तजवीज करा. तिथे एमएमआरडीए आणि एसआरए मिळून सुमारे १७ हजार झोपड्यांचे पुनर्वसन करत आहेत. इमारती उभ्या राहिल्यावर भिंती फोडून केबल कोण टाकणार?

या आठवड्यात एक काम करा. घाटकोपरचा एन, मुलुंडचा टी, अंधेरीचे के पूर्व आणि के पश्चिम, बोरिवलीचा आर मध्य, जो तुमचा वॉर्ड असेल तिथे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तीन प्रश्न विचारा: वॉर्डात सार्वजनिक जमिनीवर किती चार्जर आहेत, ते कोणाला आणि कोणत्या अटींवर दिले, आणि त्यातले किती दुचाकी-तिचाकीसाठी आहेत? उत्तर आले की मला पाठवा. पाच वॉर्डांची उत्तरे एकत्र झाली की निवेदन घेऊन पालिका मुख्यालयात जाऊ.

जय भीम! जय संविधान!