बोलून टाक ना बे!

‘छोटी सी बात’मध्ये घडतं ते एवढंच. अरुण नावाच्या साध्या नोकरदाराला बसस्टॉपवर रोज दिसणाऱ्या प्रभाशी बोलायचं असतं आणि ते काही केल्या जमत नाही. 1975 साली ‘शोले’तल्या बंदुकांनी पडदा दणाणून सोडला. त्याच सुमाराला बासू चटर्जींना एका मुलाच्या घशात अडकलेलं वाक्य पुरेसं वाटलं. ‘रजनीगंधा’तली (1974) अमोल पालेकर आणि विद्या सिन्हा ही जोडी पुन्हा घेऊन त्यांनी त्यावर अख्खा सिनेमा उभा केला.

नागपुरात तो बघावा मे महिन्याच्या दुपारी. बाहेर 45 अंश, खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घरघरतोय, घरातली मंडळी अर्धवट डुलक्यांत. टीव्हीवर अरुण प्रभाच्या आसपास घुटमळतोय. मनातल्या मनात तो केव्हाच धीट झालाय, तिच्याशी ऐटीत बोलतोयसुद्धा. दुसऱ्या क्षणी पुन्हा तोच मुखदुर्बळ अरुण. एवढ्यात आडव्या पडलेल्या काकांचा आवाज येतो, “अबे, काहून गप्प आहेस? बोलून टाक ना बे!” काकांना शेवट पाठ आहे, तरी दर वेळी ते त्याला नेटानं पुढे ढकलतात.

सिनेमा पक्का मुंबईचा, चाल मात्र आमच्या गावची. तर्री-पोह्यांच्या एका प्लेटीवर तासभर गप्पा हाणणाऱ्या नागपूरकराला अरुणची सवड ओळखीची वाटते. सीताबर्डीवर, लक्ष्मीभुवन चौकात अशा कितीतरी सायकली विनाकारण हळू झाल्या असतील.

बासूदांनी ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात वर्षानुवर्षं व्यंगचित्रं काढली होती. ती नजर इथे आहे. स्कूटरवाला नागेश, म्हणजे असरानी, डोळ्यांदेखत प्रभाला घेऊन जातो, हौसेनं घेतलेली मोटरसायकल दगा देते. अरुणची फजिती होते, पण तो कधी हलका पडत नाही. शेवटी तो धीटपणाचे धडे घ्यायला खंडाळ्याला अशोककुमारच्या कर्नलकडे जातो. या कर्नलकडे तर खुद्द अमिताभ बच्चन सल्ला मागायला येऊन जातो!

तिथून परतलेला अरुण सफाईनं डाव टाकतो, नागेशला नामोहरम करतो. मजा येते, नाही असं नाही. पण प्रभाला तो भावला होता त्याआधीच, चांगला बावळट असताना. माझाही जीव त्याच अरुणवर जडलेला. मध्यंतरापर्यंतचा सिनेमा मी चवीचवीनं बघते. पुढचा भाग जेवणानंतरच्या विड्यासारखा. हवा असतोच, पण पोट आधीच भरलेलं असतं.