पन्नास रात्रींचा हिशेब

आपल्या पांढुर्णा-सौंसरकडची माझ्या वयाची बरीच मंडळी आता पुण्यात, बंगळुरूत नाहीतर हैदराबादेत आहेत. क्लायंटकडे जायचं, चार रात्री राहायचं, परत यायचं. त्यामुळे अनेकांच्या फोनमध्ये कुठल्या ना कुठल्या हॉटेल साखळीचं ॲप असतंच. पॉइंट आपोआप जमतात, इथवर काही बिघडत नाही. खरा प्रश्न डिसेंबरात येतो. वरच्या पायरीला अजून किती रात्री कमी आहेत, ते ॲप सांगू लागतं.

गेल्या डिसेंबरात माझ्या मॅरियट बॉनवॉय खात्यात ४२ रात्री होत्या. तिथे २५ रात्रींना गोल्ड आणि ५० ला प्लॅटिनम मिळतं. म्हणजे आठ कमी. प्लॅटिनम झालं की बऱ्याच हॉटेलांत नाश्ता, लाउंज, दुपारी चारपर्यंत खोली आणि शिल्लक असली तर मोठी खोली. ऑफिसातला एक मित्र दरवर्षी अशा उरलेल्या रात्री विकत घेऊन पूर्ण करतो. या प्रकाराला 'मॅट्रेस रन' असं नावही आहे. हॉटेलात राहायचं ते झोपेसाठी नाही, मोजणीसाठी. नागपूरला वर्धा रोडवर याच साखळीचं ल मेरिडियन आहे आणि मी नऊ दिवसांच्या सुट्टीवर पांढुर्ण्याला जाणारच होतो. कागदावर बेत सोपा दिसत होता.

कागदावर होता म्हणून कागदावरच तपासला. आधी पॉइंट. बहुतेक हॉटेलांत एका डॉलरमागे १० पॉइंट मिळतात, गोल्डला त्यावर २५ टक्के जास्त. कर धरत नाहीत. समजा खोली ८,००० रुपयांची. ८५ रुपयांचा डॉलर धरला तर साधारण ९४ डॉलर, म्हणजे ९४० पॉइंट, गोल्डचे धरून ११७५. एखादी फुकट रात्र २०,००० पॉइंटांना पडत असेल तर त्यासाठी आधी सतरा रात्री राहायचं. १८ टक्के जीएसटी धरून एका रात्रीचे ९,४४०, सतरा रात्रींचे १,६०,४८०. एवढे खर्चल्यावर एक रात्र सुटते, शंभराला सहा रुपये. आपल्या गावचा कापडवाला ओळखीवर याहून जास्त सोडतो.

आता आठ रात्रींचा खर्च. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्केच कर आहे. पाच हजारांची खोली मिळाली असं धरलं, तर करासह ५,२५० आणि आठ रात्रींचे ४२,०००. त्या बदल्यात मिळणारं प्लॅटिनम पुढचं पूर्ण वर्ष आणि त्यानंतरच्या फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतं. वाचायला छान वाटतं. पण त्या वर्षातल्या माझ्या बहुतेक रात्री ऑफिसच्या असणार, आणि तिथला नाश्ता आजही कंपनीच्याच बिलात असतो. स्वतःच्या पैशाने आम्ही वर्षाकाठी चार रात्री हॉटेलात राहतो. दोघांचा नाश्ता दिवसाला १,६०० धरला तरी ६,४०० झाले. बाकीचे ३५,६०० लाउंजमधल्या कॉफीतून कसे वसूल करायचे? शिवाय आमचा क्लायंट आता भेटी कमी करून व्हिडिओ कॉलवर भागवतो आहे.

सवलतीचं हे तंत्र तसं जुनं. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये नेहमीच्या प्रवाशांसाठी योजना काढली आणि १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियटने हॉटेलात तेच आणलं. गिऱ्हाइकाला बांधून ठेवायचं, एवढा साधा हेतू. त्यात लबाडी नाही, नियम सगळे लिहिलेले असतात. मात्र एक गोष्ट मला खटकते. पूर्वी मॅरियटचा तक्ता असायचा, कुठल्या श्रेणीच्या हॉटेलला किती पॉइंट ते ठरलेलं. २०२२ मध्ये तो गेला. आता त्या त्या दिवशी ॲप दाखवील तेवढे पॉइंट.

हे बाबांना सांगितलं तेव्हा ते अंगणात संत्र्याच्या व्यापाऱ्याची वाट बघत बसले होते. अंबियाचा माल तोडणीला आला होता, भाव जमत नव्हता. म्हणाले, "माल तोडल्यावर भाव सांगतो म्हणणाऱ्याले आपण बाग देतो का?"

देत नाही.

तरी मला पैशांपेक्षा त्या नऊ दिवसांचंच जास्त वाटत होतं. शंभरेक किलोमीटरवर आई असताना आठ रात्री नागपुरात काढायच्या आणि दिवसा घरी येऊन जायचं, हे तिला सांगायचं कसं? सौंसरला मामांकडे एक दिवस, तिथून जामसावळीला हनुमानाचं दर्शन, बागेत तोडणी, आणि बाबांच्या डोळ्याचं काय ते ठरवणं, एवढं सगळं त्याच सुट्टीत बसवायचं होतं. मी एकही रात्र विकत घेतली नाही. गोल्डच राहिलो.

म्हणून मी पॉइंटांना नावं ठेवत नाही. ४२ रात्रींचे जमले होते, ते जानेवारीत कामी आले. नागपूरला बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढून तपासणी होती. आत्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन रात्री हॉटेलात घेतल्या, पॉइंटांवर. बाबांनी खोलीचं भाडं विचारलं. फुकट आहे म्हटल्यावर त्यांना पटेना.

"पैसे कंपनीनं भरले, मंग पॉइंट तुले कायचे?"

आमच्या कंपनीच्या नियमात ते कर्मचाऱ्यालाच ठेवता येतात, हे मी समजावून सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "मंग तू महागातलं हॉटेल घेत असशील, पॉइंटांपायी." प्रश्न नेमका होता. क्लायंटच्या ऑफिसशेजारी बरं आणि स्वस्त हॉटेल असलं तर मी तेच घेतो, पॉइंट मिळोत न मिळोत. बाबांनी मान हलवली आणि आईला आपल्या डब्यातली चटणी काढायला सांगितली. हॉटेलचं वरण त्यांना अळणी लागलं होतं.

खात्यात अजून थोडे पॉइंट आहेत. चोवीस महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर ते जातात, एवढं लक्षात ठेवलं आहे. पोळ्याला गावी जाऊ तेव्हा त्यांचा उपयोग नाही. पांढुर्ण्यात या साखळीचं हॉटेल नाही, आणि असतं तरी गोटमारीला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना मी तिकडे झोपायला जातो म्हणालो, तर आई गादी गच्चीवर टाकून देईल आणि आत्तेभावांच्या मधली जागा दाखवील.