तारांकित विक्रम

मराठी वाचकाची बेसबॉलशी पहिली गाठ बहुधा मैदानावर पडत नाही. ती पडते एका कोळ्याच्या होडीत. हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'मधला, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या लेखी पु.लं.च्या 'एका कोळियाने'मधला म्हातारा सांतियागो भर समुद्रात, हाताला दोरीचे काच पडत असताना, थोर डिमॅजिओची आठवण काढतो. डिमॅजिओच्या टाचेचे हाड वाढले आहे आणि ते दुखणे सोसून तो खेळतो, एवढेच म्हाताऱ्याला ठाऊक आहे. ते दुखणे नेमके कसे असते हेही त्याला सांगता येत नाही. तरीही त्याच्या आधाराने तो स्वतःचे दुखणे सोसतो. भाषांतरविचाराच्या तासाला हा भाग वाचताना मला नेहमी वाटत आले आहे की खेळातल्या पराक्रमाचे खरे मोल इथे सांगितले गेले आहे. ज्याचा त्या खेळाशी काही संबंध नाही, अशा दूरच्या माणसालाही त्यातून बळ उसने घेता येते.

हे उसने घेतलेले बळ मुळातच बनावट निघाले तर? बेसबॉलमधल्या उत्तेजक द्रव्यांचा वाद मला या प्रश्नामुळे जवळचा वाटतो. खेळाडूंनी काय घेतले, किती घेतले, हा वैद्यकाचा आणि कायद्याचा विषय झाला. पण विक्रम हा एक लिखित दस्तऐवज आहे, आणि दस्तऐवज भ्रष्ट झाला म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाच्या अंगणातला आहे.

आधी थोडी वस्तुस्थिती. बेसबॉल हा आकड्यांवर जगणारा खेळ. ९९.९४ म्हटले की क्रिकेटवेड्या माणसाला ब्रॅडमन आठवतो. तसे अमेरिकन माणसाच्या मनात ६०, ६१, ७१४, ७५५ हे आकडे कोरलेले आहेत. बेब रूथने १९२७च्या हंगामात ६० होमरन मारले. (होमरन म्हणजे ढोबळमानाने आपला षटकार; पण तो षटकारापेक्षा कितीतरी दुर्मीळ.) १९६१ मध्ये रॉजर मॅरिसने ६१ मारले. रूथचा कारकिर्दीतला ७१४चा आकडा हँक आरॉनने ८ एप्रिल १९७४ रोजी ओलांडला आणि तो पुढे ७५५वर थांबला. एक काळा माणूस गोऱ्यांच्या दैवताला मागे टाकतो आहे, हे सहन न होऊन आरॉनला त्या काळात जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे येत होती. म्हणजे ७५५ हा नुसता आकडा नव्हता. त्यात एका माणसाने गिळलेले भय होते.

मग १९९४ मध्ये खेळाडूंचा संप झाला, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द झाली आणि प्रेक्षक दुरावले. त्यांना परत आणले ते १९९८च्या उन्हाळ्याने. मार्क मग्वायरने ७०, तर सॅमी सोसाने ६६ होमरन मारले. सदतीस वर्षे टिकलेला मॅरिसचा विक्रम एकाच हंगामात दोघांनी मोडला. २००१ मध्ये बॅरी बाँड्सने ७३ मारले आणि ७ ऑगस्ट २००७ रोजी ७५६वा होमरन मारून आरॉनलाही मागे टाकले. तो ७६२वर थांबला. बाँड्सच्या आयुष्यातल्या इतर कोणत्याही हंगामात ४९च्या वर होमरन नाहीत. ७३चा हंगाम आला तो वयाच्या सदतिसाव्या वर्षी. हे आकडेच बोलके आहेत. मग्वायरने २०१० मध्ये स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली. बाँड्सने ती जाणूनबुजून घेतल्याचे नाकारले; तपासात अडथळा आणल्याबद्दल २०११ मध्ये तो दोषी ठरला आणि २०१५ मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला.

स्टेरॉइडमुळे नजर तीक्ष्ण होत नाही किंवा चेंडू हेरण्याची कला येत नाही, हे बाँड्सचे समर्थक सांगतात आणि ते खरेच आहे. द्रव्ये करतात ते इतकेच, की थकलेला स्नायू लवकर भरून येतो, बळ वाढते, आणि कुंपणाशी झेलला गेला असता तो चेंडू चार हात पलीकडे पडतो. पण विक्रम नेमका त्या चार हातांतच तर असतो.

या वादात एक युक्तिवाद मात्र सहज झटकून टाकता येत नाही. कोणता काळ निर्भेळ होता, असे विचारले जाते. रूथच्या काळात काळ्या खेळाडूंना मेजर लीगची दारे बंद होती; ती १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने उघडली. म्हणजे रूथने आपले ७१४ होमरन त्या काळातल्या सर्वोत्तम काळ्या पिचरांशी लीगमध्ये एकदाही गाठ न पडता मारले. १९६८चा हंगाम पिचरांनी इतका गाजवला की पुढच्या वर्षी त्यांच्या उभे राहण्याचा उंचवटा पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणला गेला. तरतरीसाठी ॲम्फेटामिनच्या गोळ्या घेणे अनेक दशके सर्रास चालू होते. त्यांची चाचणी सुरू झाली २००६ मध्ये. मग एकट्या बाँड्सच्या पिढीलाच डाग कसा?

मला वाटते, इथे परिस्थिती आणि कृती यांत फरक करायला हवा. उंचवट्याची उंची सर्वांना सारखी होती आणि सर्वांना दिसत होती. वर्णभेद हा अन्यायच होता, पण तो उघड होता. त्या काळाचा आकडा वाचताना तो हिशेबात धरता येतो. गुप्तपणे घेतलेल्या द्रव्याचे तसे नाही. ते कोणी घेतले, कधी घेतले, किती परिणाम झाला, हे वाचणाऱ्याला कळूच नये अशी त्याची रचना असते. पहिल्या प्रकारात संदर्भ बदलतो, दुसऱ्यात साक्षच फिरवली जाते. ॲम्फेटामिनच्या गोळ्या माझ्या मते या दोहोंच्या सीमेवर पडतात, आणि म्हणूनच जुन्या पिढीला सरसकट निष्पाप म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

यात यंत्रणेचा वाटाही मोठा. स्टेरॉइडवर बंदी असल्याचे पत्रक १९९१ मध्येच निघाले होते. चाचणी मात्र नव्हती. १९९८च्या ऐन रंगात एका पत्रकाराने मग्वायरच्या कपाटातल्या औषधाच्या बाटलीचा उल्लेख केला, तेव्हा रोष ओढवला तो पत्रकारावर. पहिली चाचणी झाली २००३ मध्ये, तीही निनावी. तिकिटे खपत होती तोवर कोणालाच काही पाहायचे नव्हते.

मग उपाय काय? अमेरिकेत त्याचे एका चिन्हात उत्तर दिले जाते: तारांकन. विक्रमाशेजारी एक फुली, एक तारा. त्याची कथा १९६१ची आहे. रूथच्या वेळी हंगाम १५४ सामन्यांचा होता, मॅरिसच्या वेळी १६२ सामन्यांचा. तेव्हाचे आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी जाहीर केले की १५४ सामन्यांत विक्रम मोडला नाही, तर नोंदीत काही वेगळी खूण हवी. हे फ्रिक पूर्वी पत्रकार होते आणि रूथच्या नावाने छापून येणारे लेख लिहून देत असत! मॅरिसचा एकसष्टावा होमरन हंगामाच्या अखेरच्या दिवशी आला. नोंदपुस्तकात प्रत्यक्ष तारा कधी छापला गेला नाही, दोन नोंदी वेगवेगळ्या दाखवल्या गेल्या. पण लोकांच्या मनात तो तारा छापला गेला तो गेलाच. १९९१ मध्ये हा भेद रद्द झाला. मॅरिस १९८५ मध्येच वारला होता.

बाँड्सच्या वेळी हा तारा खरोखर उमटला. ७५६वा चेंडू मार्क एको या वेशभूषाकाराने साडेसात लाख डॉलरना विकत घेतला, त्याचे काय करावे यावर लोकांचे मत घेतले, आणि कौलानुसार त्यावर तारा कोरून तो कूपर्सटाउनच्या संग्रहालयाला दिला. आजही तो चेंडू त्या खुणेसह विक्रमाची साक्ष देतो.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्या माणसाला या ताऱ्याची ओळख वेगळ्या ठिकाणची असते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. मूळ संहितेत न स्वीकारलेल्या ओळी तिने फेकून दिल्या नाहीत. तळटीपेत, ताऱ्याची खूण करून जपल्या. ही ओळ मागाहून आली असावी, एवढेच तो तारा सांगतो. पण असे सांगण्याचा अधिकार संपादकांना कशामुळे मिळाला? त्यांच्यासमोर शेकडो हस्तलिखिते होती म्हणून. एका प्रतीत ओळ आहे आणि दुसऱ्या, स्वतंत्र परंपरेच्या प्रतीत नाही, तेव्हाच तिला प्रक्षिप्त म्हणता येते. बाँड्सच्या २००१च्या हंगामाची दुसरी प्रत कुठे आहे? द्रव्याविना त्याने किती मारले असते, पन्नास की साठ, हे दाखवणारे हस्तलिखित कुठल्याच बाडात सापडणार नाही. म्हणून चेंडूवरचा तारा संशय नोंदवू शकतो, प्रक्षेप वेगळा करू शकत नाही.

मग नोंदच खोडावी का? शंभर मीटर धावण्यात ते जमते. १९८८ मध्ये बेन जॉन्सनचे ९.७९ सेकंद पुसले गेले आणि पदक दुसऱ्या क्रमांकाला मिळाले. बेसबॉलचा हिशेब मात्र जमाखर्चाच्या वहीसारखा आहे. बॅटरच्या जमेला पडलेला प्रत्येक होमरन कुणा पिचरच्या नावे पडलेला असतो. त्यावर सामन्याचा निकाल, निकालावर संघाचे स्थान अवलंबून असते. एक बाजू खोडली की सगळी वही चुकते. शिवाय तो चेंडू कुंपणापलीकडे खरोखर गेला, हजारो लोकांनी पाहिला. घडलेले घडले नाही असे लिहिणे, ही आणखी एक खोटी नोंद.

तेव्हा ७६२ हा आकडा राहू द्यावा, या मताचा मी आहे. विक्रम म्हणजे गौरव नव्हे. विक्रम म्हणजे नोंद. गौरव देण्याची जागा निराळी, आणि तिथे लोकांनी आपला निवाडा दिला आहे. हॉल ऑफ फेमसाठी लेखकांची ७५ टक्के मते लागतात. २०२२ मध्ये अखेरच्या संधीला बाँड्सला ६६ टक्के मिळाली. नोंद कायम, मान नाही, ही विभागणी मला अर्धवट वाटत नाही. ग्रंथ जपावा आणि त्याच्या लेखनाची हकिकतही सांगावी, हे आपण वर्गात रोज करतोच.

पण एवढ्याने हिशेब मिटत नाही. एकदा मौखिक परीक्षेच्या निमित्ताने दोन प्रबंध माझ्यासमोर आले. एक सफाईदार, आणि पुढे उघड झाले त्याप्रमाणे बव्हंशी उचललेला. दुसरा खडबडीत, पण ओळ न् ओळ स्वतःची. उचलेगिरी उघडकीला आली तोवर एका महाविद्यालयातली एकुलती जागा भरली गेली होती. उचललेला प्रबंध रद्द करता आला. दुसऱ्या मुलाची गेलेली चार वर्षे कोणत्या नियमाने परत देणार?

सेनेटर मिचेल यांच्या २००७च्या अहवालात ऐंशीहून अधिक खेळाडूंची नावे होती आणि गाजली ती नावेच. मला मात्र त्यातला दुसराच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. प्रामाणिक खेळाडूपुढे दोनच वाटा उरतात, मागे पडा किंवा तुम्हीही घ्या, असे त्यात म्हटले आहे. जो मागे पडला तो कुठल्याच तक्त्यात नाही. आरॉनचे ७५५ आजही पुस्तकात आहेत, फक्त एक ओळ खाली. धाकट्या लीगमध्ये खितपत राहून सव्विसाव्या वर्षी घरी परतलेल्या खेळाडूला खालची ओळही नाही.

नोंदपुस्तक दुरुस्त होऊच शकत नाही असे नाही. २०२४ मध्ये काळ्या खेळाडूंच्या जुन्या लीगची आकडेवारी मेजर लीगच्या नोंदींत सामील झाली आणि जॉश गिब्सनची ०.३७२ ही सरासरी टाय कॉबच्या ०.३६७च्या वर गेली. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सनसाठी दार उघडण्याच्या तीन महिने आधी वारला होता. वगळलेल्याला उशिरा का होईना आत घेता आले, कारण तो खेळला होता आणि कोणीतरी त्याचे आकडे लिहून ठेवले होते. उत्तेजक द्रव्यांच्या काळात मागे राहिलेल्याचे आकडे कोणी लिहिले नाहीत. त्याला ते उभे करण्याची संधीच मिळाली नाही. ७६२च्या आकड्याशेजारी खरी रिकामी जागा त्याची आहे, आणि तिथे ठेवता येईल असा तारा कोणत्याही छापखान्यात नाही.